करंगळी कुठं, अंगठा कुठं?

भिंतीवरच्या पालीचं शेपूट तुटून पडलेलं तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेलच. पाल पसार होते आणि शेपूट मात्र जमिनीवर वळवळत राहतं. मांजर त्या शेपटावर झडप घालतं, तोवर पाल ट्यूबलाइटच्या मागं जाऊन लपलेली असते. काही आठवड्यांनी तिला नवं शेपूट येतं. ते नीट निरखून पाहा. (फक्त पाहा हं, तोडायला जाऊ नका!) नवं शेपूट जुन्यापेक्षा जरा वेगळ्या रंगाचं दिसतं, बरेचदा आखूडही असतं. आत तर आणखी मोठा फरक असतो. जुन्या शेपटात एकामागं एक मणके होते. नव्यात मणके नसतातच. त्यांच्या जागी कूर्चेची एक सलग नळी असते. आपला कान वाकवला की आत जे लवचिक पण घट्ट लागतं ना, ती कूर्चा. थोडक्यात, पालीनं शेपूट परत मिळवलं खरं, पण हुबेहूब नाही. काम भागेल एवढंच.

एक प्राणी मात्र असा आहे की तो नुसतं काम भागवत नाही. तो जसंच्या तसं परत बनवतो.

मेक्सिको देशाच्या राजधानीच्या, म्हणजे मेक्सिको सिटीच्या दक्षिण भागात सोचिमिल्को नावाचा परिसर आहे. सगळीकडं कालवे आणि त्या कालव्यांमधून वर आलेले शेतांचे चौकोन. या पाण्यात राहतो ॲक्सोलोटल. हा बेडकाच्या भाऊबंदांतला, म्हणजे उभयचर. वीतभर लांब, रुंद जिवणी, पापण्या नसलेले बारीक डोळे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन झुपकेदार कल्ले. बेडकाचं पिल्लू मोठं झालं की कल्ले गमावून जमिनीवर येतं. हा पठ्ठ्या मोठा होतो, त्याला स्वतःची पिल्लं होतात, तरी कल्ले तसेच आणि मुक्काम पाण्यातच. मेक्सिकोच्या ५० पेसोच्या नोटेवर त्याचं चित्र आहे, इतका तो तिथल्या लोकांचा लाडका.

ॲक्सोलोटलचा पाय तुटला तर नवा येतो. हाड, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, कातडी, सगळ्यासकट. शेपूट तुटलं तर आतल्या मज्जारज्जूसकट येतं. हृदयाचा किंवा मेंदूचा थोडा भाग गेला तरी तो भरून येतो. तोच पाय पुन्हा तुटला तर पुन्हा येतो. सॅलॅमँडर जातीच्या प्राण्यांची ही करामत इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी या शास्त्रज्ञानं १७६८ मध्येच लिहून ठेवली होती. ॲक्सोलोटल सॅलॅमँडरच आहे.

१८६४ मध्ये मेक्सिकोहून ३४ ॲक्सोलोटल जहाजानं पॅरिसला गेले. त्यातले सहा ओग्युस्त द्युमेरील नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाला मिळाले, पाच नर आणि एक मादी. आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये जे ॲक्सोलोटल आहेत, त्यांतले बहुतेक या सहाजणांचे वंशज. मला वाईट वाटतं ते याचं, की काचेच्या टाक्यांमध्ये हे हजारोंनी आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र संपत आले आहेत. सोचिमिल्कोत १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलोटल होते. २०१४ मध्ये ३६ उरले होते. पाणी घाण झालं, आणि बाहेरून आणून सोडलेले मासे त्यांची अंडी आणि पिल्लं खाऊ लागले. आता तिथले शास्त्रज्ञ आणि शेतकरी मिळून काही कालवे स्वच्छ करताहेत, त्या माशांना अडवताहेत आणि टाकीत वाढलेले ॲक्सोलोटल पुन्हा पाण्यात सोडून बघताहेत.

बरं, आपण तुटलेल्या पायाकडं वळू. पाय परत येतो हे ऐकून ‘अबब’ म्हणालात? मला विचाराल तर खरं नवल याच्या पुढं आहे. त्याच्या पुढच्या पायाला आपण हात म्हणू या. हात मनगटाशी तुटला तर नवा पंजा येतो, फक्त पंजा. कोपराशी तुटला तर कोपराखालचा हात आणि पंजा. खांद्याशी तुटला तर दंड, कोपर, मनगट, पंजा, सगळं, आणि तेही याच क्रमानं. त्याच्या हाताला चार बोटं असतात. अंगठ्याच्या जागी अंगठाच येतो. चौथ्या बोटाला आपण करंगळी म्हटलं, तर करंगळीच्या जागी करंगळीच येते. तिथं उरलेल्या पेशींना कसं कळतं, की काय शिल्लक आहे आणि काय गेलंय? पेशींना डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि हात तपासून बघायला कुणी येतही नाही.

हात येताना दिसतो कसा, ते आधी पाहू. प्रयोगशाळेत ॲक्सोलोटलला भूल देतात आणि मग हाताचा तुकडा कापतात. काही तासांतच कडेच्या कातडीच्या पेशी सरकत सरकत मधोमध येतात आणि जखम झाकून टाकतात. आपल्याला जखम झाली की खपली धरते आणि खाली व्रण राहतो. इथं व्रणाचं नाव नाही. मग काही दिवस वरवर पाहता काहीच घडत नाही. आत मात्र गडबड चालू असते. जखमेजवळच्या कितीतरी पेशी आपलं रोजचं काम सोडून देतात आणि गर्भात असताना जशा होत्या तशा होतात. पुन्हा पुन्हा दुभंगून वाढू लागतात. कापलेल्या टोकाशी एक फिकट, अर्धपारदर्शक फुगवटा दिसू लागतो. याला म्हणतात ब्लास्टेमा. तो लांबतो, मग टोकाशी चपटा होतो, आणि त्या चपट्या भागावर खाचा पडतात. आधी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, मग तिसरं, सगळ्यात शेवटी करंगळी. पिल्लू लहान असेल तर साधारण दीड-दोन महिन्यांत हात तयार! सुरुवातीला जरा बारीक, मग बाकीच्या अंगाच्या मापाचा होतो.

हा ब्लास्टेमा म्हणजे काहीही बनू शकणाऱ्या पेशींचा ढीग असावा, असं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं वाटत होतं. २००९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात एली तानाका यांच्या गटानं हे तपासायचं ठरवलं. त्यांच्याकडं असे ॲक्सोलोटल होते की ज्यांच्या पेशी निळ्या प्रकाशात हिरव्या चमकतात. (ही चमक मुळात एका जेलीफिशच्या प्रथिनाची आहे.) त्यांनी चमकणाऱ्या ॲक्सोलोटलचा थोडासा स्नायू साध्या ॲक्सोलोटलच्या हातात बसवला. मग हात कापला, नवा येऊ दिला, आणि हिरवं कुठं दिसतंय ते पाहिलं. हिरवं फक्त स्नायूंत होतं! दुसऱ्या ॲक्सोलोटलमध्ये मज्जातंतूंना गुंडाळून असणाऱ्या पेशी चमकवल्या, तर नव्या हातातही त्या मज्जातंतूंनाच गुंडाळून बसलेल्या. म्हणजे पेशी गर्भातल्यासारख्या झाल्या तरी आपण कोण होतो ते विसरत नाहीत.

आपण कोण, याबरोबरच आपण कुठले, हेही काही पेशींना ठाऊक असतं. माझ्या मते सगळी गंमत इथंच आहे. टपालाच्या पाकिटावर पत्ता असतो, गाव, पेठ, घर नंबर. तसा हातातल्या पेशींकडंही पत्ता असावा लागतो: खांद्यापासून किती दूर, अंगठ्याच्या बाजूला की करंगळीच्या बाजूला. सगळ्याच पेशी तो जपून ठेवत नाहीत. मज्जातंतूंभोवतीच्या पेशींना जागेशी देणंघेणं नसतं. पण कातडीखालच्या आणि हाडांच्या आसपासच्या, अवयव एकत्र बांधून ठेवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या पत्ता पक्का धरून ठेवतात.

पत्ता खरोखर असतो हे कसं कळलं? त्यासाठी एक प्रयोग फार सुंदर आहे. ॲक्सोलोटलच्या दंडावर एका बाजूला छोटी जखम केली, तर ती नुसती भरून येते. त्या जखमेत एक मज्जातंतू वळवून आणला, तर तिथं फुगवटा येतो, पण थोड्या दिवसांत विरून जातो. आता त्याच जखमेवर हाताच्या विरुद्ध बाजूच्या कातडीचा तुकडा लावायचा, म्हणजे जखम अंगठ्याच्या बाजूला असेल तर तुकडा करंगळीच्या बाजूचा. तर काय होतं? दंडातून आणखी एक अख्खा हात फुटतो! कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये हे करून दाखवलं. दोन वेगळ्या पत्त्यांच्या पेशी शेजारी आल्या की ‘आपल्या मधलं काहीतरी गायब आहे’ असं ठरतं आणि मधलं सगळं बांधायला सुरुवात होते. एकाच पत्त्याच्या पेशी जमल्या तर हात होत नाही.

मग हा पत्ता पेशीत लिहिलेला असतो तरी कुठं?

याचा एक धागा कोंबडीच्या अंड्यात सापडला होता. १९६८ मध्ये जॉन सॉन्डर्स आणि मेरी गॅसेलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अंड्यातल्या पिल्लाच्या उगवत्या पंखाच्या मागच्या कडेचा, म्हणजे आपल्या करंगळीकडच्या कडेचा, एक कण काढून पुढच्या कडेला लावला. त्या पंखात एकदा नेहमीची बोटं आली आणि त्यांच्या शेजारी तीच बोटं उलट्या क्रमानं पुन्हा आली. मागच्या कडेतून काहीतरी पाझरत होतं आणि ‘करंगळी इकडं’ असं सांगत होतं. ते काहीतरी म्हणजे एक प्रथिन, हे १९९३ मध्ये कळलं. त्या प्रथिनाचं नाव काय, माहितीय? सॉनिक हेजहॉग. होय, व्हिडिओ गेममधला तो निळा सॉनिकच! शास्त्रज्ञांनी खरोखर त्याचं नाव दिलं.

तुमचे हात आईच्या पोटात तयार झाले तेव्हा तुमच्याही करंगळीच्या बाजूला सॉनिक पाझरत होतं. ते अंगठ्याच्या बाजूलाही थोडंसं पाझरलं, तर तिकडं एखादं जादा बोट येतं. सहा बोटांचा हात तुम्ही कुणाचा तरी पाहिला असेल. अमेरिकी लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या फ्लोरिडातल्या घरी सहा बोटांच्या मांजरी आहेत. त्यांचं डीएनए वाचलं तेव्हा फक्त एका अक्षराचा बदल सापडला, आणि तोही सॉनिकच्या जनुकात नव्हे, तर त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरं लांब असलेल्या कळीत. ते जनुक कुठं चालू करायचं हे ती कळ ठरवते.

पण ॲक्सोलोटलचं कोडं यानं सुटत नव्हतं. त्याच्या गर्भातही सॉनिक पाझरतं, मात्र हात तयार झाला की ते बंद होतं. वर्षभरानं हात तुटला की पुन्हा चालू होतं, तेही अचूक करंगळीच्याच बाजूला. मधल्या काळात पत्ता कुणी सांभाळला?

उत्तर २०२५ च्या मे महिन्यात ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. एली तानाका यांचा गट आता ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात आहे. तिथं लिओ ओत्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्सोलोटलमध्ये अशी सोय केली, की गर्भात ज्या पेशींनी सॉनिक बनवलं त्यांच्यावर कायमची खूण राहील. मग हात कापून नवा येऊ दिला. त्यांना वाटलं असणार, की खुणेच्या जुन्या पेशीच पुन्हा सॉनिक बनवतील. पण या वेळी सॉनिक बनवणाऱ्या बहुतेक पेशींवर खूण नव्हतीच! मग त्यांनी खुणेच्या पेशी काढूनच टाकल्या. तरी हात नीट आला. म्हणजे पत्ता ठरावीक मूठभर पेशींकडं नव्हता. करंगळीच्या बाजूच्या पुष्कळ पेशींना तो माहीत होता.

त्या पेशींमध्ये एक जनुक सापडलं, हँड-२. गर्भात ते चालू होतं, आणि हात पूर्ण झाल्यावरही ते बंद पडत नाही. जन्मभर मंद चालू राहतं, फक्त करंगळीच्या बाजूला. हात तुटला की हँड-२ जोर धरतं आणि सॉनिक चालू करतं. सॉनिक अंगठ्याच्या बाजूच्या पेशींना निरोप देतं, त्या एफजीएफ-८ नावाचं दुसरं प्रथिन बनवतात, ते सॉनिकला टिकवून धरतं, आणि दोन्ही बाजू मिळून हात वाढवतात. काम झालं की सॉनिक बंद. हँड-२ पुन्हा मंद चालू, पुढच्या खेपेसाठी.

आणि पत्ता बदलताही येतो! हात उगवत असताना अंगठ्याच्या बाजूच्या पेशींना शास्त्रज्ञांनी सॉनिक मिळू दिलं. त्या पेशींमध्येही हँड-२ चालू झालं आणि चालूच राहिलं. पुढं हात पुन्हा कापला तेव्हा त्या पेशी करंगळीच्या बाजूच्या असल्यासारख्या वागल्या. उलट दिशेनं, करंगळीकडच्या पेशींना अंगठ्याकडचं बनवणं मात्र अवघड आहे.

ही झाली आडवी दिशा. खांद्यापासून बोटांपर्यंतच्या उभ्या दिशेच्या गोष्टीची सुरुवात भारतातली आहे, आणि ती तुम्हाला सांगायलाच हवी. १९७८ मध्ये जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात नियाझी आणि सक्सेना हे शास्त्रज्ञ भेकाच्या पिल्लांवर काम करत होते. भेक म्हणजे खरबरीत अंगाचा तो जमिनीवरचा बेडूक. त्यांनी पाय कापलेली पिल्लं जीवनसत्त्व ‘अ’ मिसळलेल्या पाण्यात ठेवली. उगवलेले पाय वेडेवाकडे निघाले. जेवढा भाग गेला होता त्यापेक्षा जास्तच भाग आला. १९९२ मध्ये भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंबदा मोहंती हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका बेडकाच्या पिल्लांची शेपटं कापून ती अशाच पाण्यात ठेवली. शेपटाच्या जागी काय यावं? पाय! शेपटाच्या जागी खरेखुरे पाय फुटले. जगभरच्या शास्त्रज्ञांनी तो अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. हेजमाडीबाई ओडिसी नृत्यातल्याही मोठ्या कलावंत होत्या, हे मला फार आवडतं.

जीवनसत्त्व ‘अ’ पासून शरीरात रेटिनोइक आम्ल बनतं. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या जेम्स मोनाघन यांच्या गटानं २०२५ मध्येच दाखवलं, की ॲक्सोलोटलच्या हातात हे आम्ल खांद्याकडं जास्त आणि पंजाकडं कमी असतं. कमी का? पंजाकडं एक विकर (एन्झाइम) असतं, ते या आम्लाचे तुकडे करून टाकतं. त्यांनी औषध देऊन त्या विकराचं काम थांबवलं आणि हात मनगटाशी कापला. पेशी फसल्या. आम्ल भरपूर दिसतंय, म्हणजे आपण खांद्याजवळ आहोत, असं त्यांनी ‘मानलं’, आणि मनगटाला पुन्हा दंड, पुन्हा कोपर आणि मग पंजा आला! (गाजर किंवा पपई खाल्ल्यानं असलं काही होत नाही, निर्धास्त खा. जीवनसत्त्व ‘अ’ च्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. पोटातल्या बाळाला तर त्यांचा जादा डोस खरंच अपाय करतो.)

आता आपल्याबद्दल. आपल्यालाही थोडंसं जमतं. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात सिंथिया इलिंगवर्थ या डॉक्टर होत्या. दारात सापडून बोटाचं टोक तुटलेली मुलं त्यांच्याकडं येत. १९७४ मध्ये त्यांनी लिहिलं, की जखम शिवून बंद न करता स्वच्छ झाकून ठेवली, तर लहान मुलांच्या बोटाचं टोक नखासकट पुन्हा भरून येतं. अट एकच, नखाचा मुळाकडचा भाग शाबूत हवा. नखाच्या मुळाशी मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या पेशी, असतात आणि त्यांच्याकडून निघणाऱ्या निरोपांवरच हे काम चालतं. तुकडा त्याच्याही मागं तुटला, तर बोट परत येत नाही.

दुसरी बातमी उंदराच्या कानाची. सशाच्या कानाला भोक पाडलं तर ते कूर्चेसकट पूर्ण भरून येतं. उंदराचं तसंच राहतं. २०२५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी या दोघांच्या पेशी शेजारी ठेवून तपासल्या. जखम झाल्यावर सशाच्या कानात एक जनुक जोरात चालू होतं, उंदरात ते जवळजवळ गप्प बसतं. ते जनुक काय बनवायला मदत करतं, ओळखा. रेटिनोइक आम्ल! उंदरात ते जनुक चालू केलं, आणि त्याचंही भोक भरून आलं, आतल्या कूर्चेसकट.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हरखून गेलो. पण कानाच्या भोकाला कोपर नसतं आणि करंगळीही नसते. तिथं नुसतं भरून काढायचं असतं. हाताला दोन्ही दिशांचे पत्ते लागतात. आज कातडीच्या पेशीपासूनसुद्धा मूलपेशी बनवता येते. जपानच्या शिन्या यामानाका यांनी ते २००६ मध्ये उंदरात आणि २००७ मध्ये माणसात करून दाखवलं, आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण अशा कोट्यवधी पेशी बशीत वाढवल्या तरी त्यांचा हात होत नाही, कारण त्यातल्या एकीलाही आपण कुठल्या बाजूच्या हे माहीत नसतं. आता हँड-२ सापडलंय, सॉनिक सापडलंय, आम्लाचे तुकडे करणारं विकर सापडलंय, आणि या तिन्हींची जनुकं माणसातही आहेत. पुढचं काम म्हणजे आपल्या मोठ्या झालेल्या हातातल्या पेशी एकेक करून तपासायच्या. करंगळीच्या बाजूच्या पेशींनी त्यातलं काय जपून ठेवलंय आणि काय पुसून टाकलंय, ते शोधायचं.